मालनबाईंना एवढंच विचारायचं होतं

माझ्या टेबलावर ‘परिवीक्षा अधिकारी’ अशी पाटी होती. त्यात ‘परीक्षा’ वाचून दर जूनमध्ये कुणी ना कुणी बारावीच्या फेरतपासणीची चौकशी करायला यायचं. एकदा एक बाप पोराला दंडाला धरून घेऊन आला. पोरगं मान खाली घालून उभं. मला वाटलं, चोरी-मारामारी काहीतरी असेल. तर ते गणितात नापास झालेलं. मी म्हटलं, "पावणं, हा गुन्हा आमच्या कायद्यात बसत नाही."

"बसवा की मॅडम," बाप म्हणाला, "वाईच धाक तरी बसंल."

नोकरी संपली तरी माझ्या वहिनीला मी नेमकी काय होते ते अजून कळलेलं नाही. म्हणून आधी ते सांगते. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातून गुन्हा घडला की त्याला मोठ्यांच्या कोर्टात नेत नाहीत, बाल न्याय मंडळापुढं आणतात. तिथं एक न्यायाधीश आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात. मुलाला आरोपी म्हणायचं नाही, बेडी घालायची नाही, सोबतच्या पोलिसानंसुद्धा साध्या कपड्यांत यायचं. मंडळ मग माझ्यासारखीला सांगतं, याच्या घरी जा, शाळेत जा, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोला आणि हे का घडलं ते आम्हाला कळवा. म्हणजे निम्मं काम चहा पिण्याचं. ज्या दारात जावं तिथं चहा, आणि कोल्हापूर जिल्ह्यातला चहा म्हणजे साखरेचा पाक. पेन्शनीबरोबर मला मधुमेहही लागू झाला तो त्यामुळंच.

उरलेलं निम्मं काम मी हळूहळू शिकले. पोराला मंडळ समज द्यायचं, चांगल्या वागणुकीच्या हमीवर घरी सोडायचं. ते बरोबरच होतं. पण ज्याचं डोकं फुटलं, ज्याचं दुकान फुटलं, त्याला निकाल काय लागला हेसुद्धा कुणी सांगायचं नाही. तो आपला गावभर म्हणत फिरायचा, "पैसं चारलं आन् सुटलं." पोरगं सुटायचं खरं, पण गावाच्या नजरेतून सुटायचं नाही. मग मंडळाच्या परवानगीनं मी दोन्ही बाजू एका खोलीत समोरासमोर बसवायला लागले. काय झालं, कुणाला काय सोसावं लागलं, आणि आता काय केलं तर थोडंफार भरून निघेल, एवढंच तिथं बोलायचं. वकील नाही, पुढारी नाही. आम्ही त्याला नुसतं ‘बैठक’ म्हणायचो.

सगळ्या बैठका जमल्या असं नाही. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत फुटबॉलची मॅच संपल्यावर दोन संघांच्या पोरांत दगडफेक झाली आणि एका चहावाल्याचा डोळा गेला. ज्या मुलानं तो दगड टाकला, त्याला चहावाल्याला भेटायचं होतं. आतून वाटत होतं त्याला. मी चहावाल्याकडं गेले. तो माणूस शांतपणे कपबश्या विसळत म्हणाला, "त्याला भेटून त्याचं मन हलकं हुईल. माझं काय हुईल?" मी परत फिरले. त्याचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, पण तो मुलगा पुढं कितीतरी दिवस माझ्या ऑफिसच्या पायरीवर येऊन बसायचा. तेव्हापासून मी एक शिस्त पाळली. ज्याला लागलंय त्याला आधी विचारायचं. त्याची तयारी नसेल तर विषय तिथंच थांबवायचा.

आता जी हकिकत सांगणार आहे, त्यातली नावं बदलली आहेत, गाव थोडं इकडचं तिकडं सरकवलं आहे. म्हैस मात्र जशी होती तशीच आहे.

पेठ वडगावजवळच्या एका खेड्यात मालनबाई राहायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगानं काटक, आवाज असा की शेताच्या या बांधावरून त्या बांधावर पोचावा. नवरा, शामराव, इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला जायचे. आठवडाभर दिवसपाळी, आठवडाभर रातपाळी. घरची दुभती म्हैस आणि तिची दोन रेडकं सगळी मालनबाईंच्या जिवावर. पहाटे धार काढायची आणि दुधाची किटली घेऊन रस्त्याकडेनं डेअरीला चालत जायचं, हा त्यांचा नेम.

असंच जाताना एका मोपेडनं त्यांना मागून उडवलं. गाडीवर अकरावीतली मुलगी होती. तिला ऋतुजा म्हणू. वडगावात वडिलांचं सिमेंट-पत्र्याचं मोठं दुकान, गावात मान. सकाळच्या क्लासला उशीर झालेला, लायसन नाही, वेग जास्त. मुलगी स्वतःही पडली. उठली, गाडी उचलली, रस्त्यात पडलेल्या मालनबाईंकडं एकदा पाहिलं आणि निघून गेली. मागून डेअरीला येणाऱ्यांनी बाईंना दवाखान्यात नेलं. उजवं मनगट आणि खांद्याचं हाड मोडलं होतं.

दोन दिवसांनी पोलीस दुकानात पोचले, तेव्हा ऋतुजाच्या वडिलांनी सांगितलं, "गाडी मीच चालवत होतो." पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात मात्र लांब वेणी आणि पाठीवरची सॅक स्पष्ट दिसत होती. पोलीस म्हणाले, "दादा, ही वेणी तुमची का?" मग प्रकरण मंडळापुढं आलं आणि तिथून माझ्याकडं. वडिलांवर अल्पवयीन मुलीच्या हाती गाडी दिल्याचा आणि खोटं सांगितल्याचा मामला वेगळा.

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा मी मुलीला विचारायचे आणि उत्तर आई द्यायची. नाव काय विचारलं तरी आईच सांगायची. वडील मध्येच म्हणाले, "मॅडम, बाईंच्या दवाखान्याचं सगळं मी बघतो. पोरीचं वर्ष वाया जाऊ नये. विषय मिटवून टाकू."

मी मुलीला म्हटलं, "मला तुमची गच्ची दाखव बघू." मुलांशी बोलायचं तर घराबाहेर काढून बोलायचं, ही आमच्या धंद्यातली सगळ्यात सोपी युक्ती. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांआड ती उभी राहिली. मी काही विचारलंच नाही. ती आपणहून म्हणाली, "मला काहीच आठवत नाही." पाठ केलेल्या वाक्यासारखं. दोन्ही हातांची नखं मुळापर्यंत कुरतडलेली होती. ज्याला आठवत नसतं, त्याची नखं अशी नसतात.

नंतर मी मालनबाईंकडं गेले. हात गळ्यात अडकवून त्या गोठ्याच्या दारात बसल्या होत्या आणि आत शामराव म्हशीखाली बसून हातघाईला आले होते. म्हैस पान्हाच घालत नव्हती. मालनबाई बाहेरून तिला नावं घेऊन चुचकारत होत्या आणि नवऱ्याला शिव्या देत होत्या, दोन्ही एकाच दमात.

"गाव कंचं मॅडम?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. आमच्याकडं त्यापुढचा प्रश्न ठरलेला असतो, कुणातली. मी म्हटलं, बौद्ध. शामरावांनी हात धुतले, पाट पुढं केला आणि चहा आला. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला तो सगळ्याच घरांतून येत नसे, एवढं नोंदवून पुढं जाते.

शामरावांचं म्हणणं सरळ होतं. "पोरीला आत टाका. आमच्या पोरानं असं केलं असतं तर सोडलं असतं का?" या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर मला ठाऊक होतं.

मालनबाई मात्र म्हशीकडं बघत म्हणाल्या, "हाड जुळंल. डॉक्टरनं सांगिटलंय. पर मॅडम, मी रस्त्यात पडलोतो. त्या पोरीनं माझ्याकडं बघितलं. माझं डोळं उघडं हुतं. मी तिच्याकडं बघितलो. आन् ती गेली." आमच्याकडच्या बायका ‘मी पडले’ म्हणत नाहीत, ‘मी पडलो’ म्हणतात; वाचणाऱ्यांनी गोंधळू नये. "थांबली का न्हाय? तेवढंच इचारायचं हाय मला. दुसरं कायबी नको."

"तिला समोर बसवलं तर विचाराल?"

"इचारीन की. माझ्या तोंडाला पिलाष्टर न्हाय."

बैठकीआधीची तयारी हे खरं काम. मी दोन्हीकडं पुन्हा पुन्हा गेले. ऋतुजाच्या वडिलांना सांगितलं, की माफीचं भाषण पाठ करून घेऊ नका. माफी मागायला लावायची नसते. लावलेली माफी मारलेल्या शिक्क्यासारखी असते, सगळ्यांची सारखीच. मुलीला विचारलं, तुला जायचं आहे का, नाही म्हणालीस तर तुझं काही बिघडणार नाही. ती कपड्यांच्या दोरीला धरून म्हणाली, "त्या ओरडतील का?"

"ओरडतील. त्यांचा आवाजच तसा आहे."

"मग येते," ती म्हणाली. मला तेव्हा ते कळलं नाही. नंतर कळलं, तिच्या घरात महिनाभर कुणी ओरडलंच नव्हतं. सगळे हळू बोलत होते.

रविवारी गावच्या शाळेतली एक खोली मागून घेतली. बाकं भिंतीला लावली, सतरंजीवर गोल करून बसलो. मालनबाई, शामराव, ऋतुजा, तिचे आईवडील आणि मी. वडिलांनी येताना शाल, नारळ आणि फळांची करंडी आणली होती. शामरावांनी ते पाहिलं आणि विचारलं, "सत्कार करायला आलायसा का पावणं?" करंडी कोपऱ्यात गेली.

मालनबाईंनी सुरुवात केली. पहाटेपासून सगळं सांगितलं. किटली कशी उडाली, दूध डोक्याखाली कसं आलं आणि ते रक्तच आहे असं कसं वाटलं, हात उचलायला गेल्या तर हात कसा आलाच नाही. म्हैस आता कुणाला धार काढू देत नाही, दूध आटत चाललंय. रात्री कूस बदलता येत नाही. मागून गाडीचा आवाज आला की रस्ता सोडून शेतात उतरावंसं वाटतं. मग त्यांनी विचारलं. ओरडून नाही, त्यांच्या मानानं अगदी हळू. "तू बघितलीस माझ्याकडं. थांबली का न्हाईस?"

ऋतुजा इंग्रजी शाळेत शिकलेली. माझ्याशी नेहमी पुस्तकातल्यासारखं बोलायची. त्या खोलीत मात्र घरातली भाषा बाहेर आली. "मी बघितलो काकू. तुमचं डोळं उघडं होतं आणि तुम्ही हलत नव्हता. मला वाटलं, तुम्ही मेलात. मी माणूस मारलो असं वाटलं. मग गाडी कशी चालू केली, कुठनं गेलो, खरंच आठवत नाही. क्लासला जाऊन बसलो. सरांनी फळ्यावरचं लिहून घ्यायला सांगितलं, ते लिहून घेतलं."

तिनं वडिलांकडं एकदा पाहिलं आणि पुढं सांगू लागली.

"संध्याकाळी पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, कुणाला काही बोलू नको, मी बघतो. पोलीस आले, तेव्हा त्यांच्या तोंडून मला कळलं, तुम्ही जिवंत आहात. तोपर्यंत मला माहीतच नव्हतं."

शामरावांनी ऋतुजाच्या वडिलांकडं पाहिलं. "तुमास्नी कधी कळलं हुतं?"

एवढा मोठा दुकानदार, पण सतरंजीकडं बघत म्हणाला, "त्याच संध्याकाळी. दवाखान्यात माणूस पाठवून चौकशी केली होती."

"आन् पोरीला सांगितलं न्हाई?"

"विषय काढायला नको म्हणून... तिच्या डोक्यातनं जावं म्हणून."

मग मालनबाई ओरडल्या. तो आवाज शाळेच्या पटांगणापलीकडं गेला असणार. पण त्या मुलीवर ओरडल्या नाहीत. "अवं पावणं, मी जित्ती हाय एवढं तरी पोरीला सांगायचं हुतंसा. दोन राती ह्या लेकरानं माझं मढं उशाला घिऊन काढल्या की. माझा हात मोडला तर मला पिलाष्टर घातलं. हिला काय घातलासा तुम्ही?"

ऋतुजा त्या क्षणापर्यंत रडली नव्हती. तिची आई आधी रडली, मग ती. मालनबाई डावा हात लांबवून तिच्या गुडघ्यापाशी नेऊन थांबल्या, मग हात परत घेतला. अजून तेवढी सलगी झालेली नव्हती. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. अशा वेळी मधे बोलायचं नाही, हे शिकायला मला फार वर्षं लागली, पण त्या दिवशी ते जमलं.

पुढं काय करायचं यावर बोलणं निघालं तेव्हा वडील पुन्हा दवाखान्याचं बोलू लागले. तो खर्च त्यांनी द्यायचाच होता, त्यात चर्चेसारखं काही नव्हतं. मालनबाई म्हणाल्या, "ते मोठ्या माणसांचं मोठ्या माणसांत बघा. मी हिला इचारतोय. तू काय करशील?"

ऋतुजा विचार करून म्हणाली, "तुमचा हात बरा होईपर्यंत डेअरीला दूध मी नेऊन घालते. चालत."

"आन् शेण?"

"शेणपण काढते."

"धार मातूर तुला जमायची न्हाय," मालनबाई म्हणाल्या. "ह्यास्नी इतक्या वर्सांत जमंना."

हे सगळं मी मंडळापुढं ठेवलं. न्यायाधीश कडक होते आणि बरोबर होते. त्यांनी बजावलं, की हे मुलीच्या मर्जीनं असेल तरच, अभ्यास सांभाळून, आईनं सोबत राहून, आणि त्यात अपमानाचा वासही येता कामा नये. मग चष्मा काढून विचारलं, "पण मॅडम, शेण काढणं आदेशात लिहायचं कसं?" शेवटी ‘पशुसंगोपनविषयक साहाय्य’ असं लिहिलं गेलं. मालनबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "हे कोन आन् आमच्यात कशाला येतंय?"

पहिले काही दिवस बरे गेले. ऋतुजा पहाटे आईबरोबर यायची, गोठा झाडायची, वैरण टाकायची, शामरावांनी कशीबशी काढलेल्या दुधाची किटली उचलून डेअरीला निघायची. मालनबाई तिच्या पुढून चालायच्या. आधी पुढून, मग शेजारून.

आणि मग गावातल्या कुणीतरी तिचा डोक्यावर शेणाची पाटी घेतलेला व्हिडिओ काढला. खाली ‘शेठच्या पोरीची शाळा’ असं लिहून तो वडगावभर फिरला. तिच्या कॉलेजातही पोचला. मुलाची ओळख बाहेर फुटू द्यायची नाही, हा आमच्या कायद्याचा कणा. मी पोलिसांकरवी तो काढून टाकायला लावला, पण एकदा फिरलेली गोष्ट कुठली परत येते. वडिलांनी मला फोन केला. "तुमच्या बैठकीनं माझ्या पोरीची अब्रू गेली. उद्यापासून ती येणार नाही." मी तिच्या घरी गेले, तर दार उघडलं नाही. इतकी वर्षं काम करून तो रस्ता मला इतका लांब कधी वाटला नव्हता.

मालनबाईंना ते कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीत दूध घालायला सगळं गाव रांगेत उभं होतं. त्या गळ्यात हात अडकवून रांगेच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. हे मला डेअरीच्या सेक्रेटरीनं सांगितलं.

"ज्येनं शूटिंग काढलंय, त्येनं ऐकावं," त्या म्हणाल्या. "ती पोरगी माझ्या गोठ्यात काय कराय येती, ते तिचं आन् माझं हाय. ती आलती म्हनून माझं दूध डेअरीत पोचतंय. तुमच्यातलं कोन आलं हुतं इचाराय, मालन, शेण काढू का? आता काढा माझं शूटिंग."

रांगेतल्या एकानं म्हणे खिशातला मोबाईल आणखी खोल सारला.

ही गोष्ट वडगावात पोचायला वेळ लागला नाही, असल्या गोष्टींना पाय असतात. दोन-चार दिवस गेले आणि एका पहाटे ऋतुजा गोठ्याच्या दारात उभी राहिली. या वेळी आईबरोबर नाही, वडिलांबरोबर. वडील पायजमा दुमडून आले होते. शामराव रातपाळीहून नुकतेच पोचले होते. त्यांनी विचारलं, "काय पावणं, आज नारळ न्हाय?"

"नाही," ते म्हणाले. "पाटी कुठं आहे?"

त्यांना शेण भरता येत नव्हतं. ऋतुजानं दाखवलं. सिमेंटची पोती उचलणाऱ्या माणसाची पाटी दोनदा कलली, तेव्हा मालनबाई हसल्या, असं ऋतुजानं मला नंतर सांगितलं. हसताना खांदा दुखला म्हणून मग खांद्यालाही त्यांनी शिव्या दिल्या. पोलीस ठाण्यात जाऊन खरा जबाबही वडिलांनी त्याच आठवड्यात दिला. त्याचा दंड त्यांना व्हायचा तो झाला.

प्लास्टर निघालं. मनगट पहिल्यासारखं वळेना. म्हैस पुन्हा मालनबाईंच्या हातानं धार देऊ लागली, पण एकाच हातानं किती आणि कसं पिळणार. दूध निम्म्यावर आलं ते आलंच. बैठकीनं मोडलेलं हाड जुळत नाही, हे मी कुणालाही आधीच सांगत असे. ऋतुजा ठरल्यापेक्षा जास्त दिवस येत राहिली. तिला यायला कुणी सांगितलं नव्हतं आणि येऊ नको असंही कुणी म्हटलं नाही.

शेवटच्या तारखेला मंडळानं मालनबाईंना बोलावलं. त्या इस्त्रीचं लुगडं नेसून, शामरावांना सोबत घेऊन आल्या. ऋतुजा आईवडिलांबरोबर पलीकडच्या खुर्च्यांवर होती. न्यायाधीशांनी अदबीनं विचारलं, "बाई, तुमचं समाधान झालं का? तुम्ही या मुलीला माफ केलंत, अशी नोंद करू का?"

मालनबाई उभ्या राहिल्या. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं.

"समाधान म्हंजे काय सायेब? हात पयल्यागत वळत न्हाय. रोज धारंला बसलं की कळतंय. माफ केलं असं लिवू नका. माफ केलंय का न्हाय, ते माझं मी बघीन, त्येला येळ लागंल."

न्यायाधीशांनी मान हलवली. लेखनिकानं कागदावरचा हात थांबवून विचारलं, "मग काय लिहू?"

मालनबाईंनी पलीकडच्या खुर्च्यांकडं पाहिलं. ऋतुजा त्यांच्याकडंच बघत होती, नजर न काढता.

"लिवा," त्या म्हणाल्या, "वळख झाली."

न्यायाधीशांनी चष्मा घातला आणि लेखनिकाला म्हणाले, "बाई सांगतात तसंच लिहा."